येसबाचा उजवा हात

मी जन्मात मासा खाल्लेला नाही. सांगलीला माझ्या माहेरी मासळीचं नावसुद्धा जेवताना कोणी काढत नसे. तरी बिळातली वांब बाहेर कशी काढावी, मरळ गळाशी येऊनही का निसटते आणि कोणत्या झाडाचा चीक मिसळला की मासे पाण्याबाहेर तोंड काढतात, यावर मी आजही तासभर बोलू शकते. नातसुना हसतात. म्हणतात, "आजी, तुम्ही कोळणीच व्हायच्या होतात." हे सगळं ज्ञान मला येसबा भोयानं दिलं, आणि त्यातलं निम्मं बेकायदेशीर होतं.

लग्न होऊन मी कृष्णाकाठच्या ज्या गावात आले, ते पलूसपासून दोन-अडीच कोसांवर. 'हे' तिथे पोस्टमास्तर. पुढची खोली पोस्टाची, मागच्या दोन आमच्या. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की पन्नास पावलांवर घाट आणि घाटाखाली भैरोबाचा डोह. उन्हाळ्यात नदीची धार बारीक झाली तरी डोहाला पाणी असे. अख्खं गाव तिथेच धुणं धुवायचं, गुरांना पाणी पाजायचं आणि पोहायचं.

गावात येऊन चार दिवस झाले असतील. भांडी घेऊन घाटावर उतरले, तर कपारीला लागून एक म्हातारा पाण्यात पालथा पडलेला. गाल पाण्याला टेकलेला, डोळे मिटलेले, उजवा हात खांद्यापर्यंत खडकाच्या बिळात. मला वाटलं, गेला. मी किंचाळले. त्यानं डोळे न उघडताच सांगितलं, "बाई, वरडू नगासा. ती ऐकती."

"कोण ती?"

"वांब."

आणि सावकाश, दळणातला खडा काढावा तशी, त्यानं ती बाहेर काढली. दीड हात लांब, सापासारखी, पाठीवर काट्यांची रांग. मी भांडी तिथेच टाकून घरी पळाले. मागून तो माझी पातेली डोक्यावर घेऊन आला, ओट्यावर ओळीनं मांडली आणि म्हणाला, "चुलीतली राख द्याल का वंजळभर?"

राख हाताला चोळली की बुळबुळीत वांब निसटत नाही. पण राख आमच्याच चुलीची का? तर तिला मासळीचा वास नसतो. "तुमची राख सोवळी," तो म्हणे. "बिळात हात घातला तर वांबीला कळतबी न्हाई की भोई आलाय." माझ्या सोवळ्याचा असा उपयोग आमच्या कुळात आधी कोणी केला नसेल. तेव्हापासून रोज सकाळी तो मागच्या दाराशी येई, राख नेई आणि जाता जाता एखादा धडा देऊन जाई.

येसबा साठीचा असेल. काळा, वाळका, गुडघ्यापर्यंत पंचा. बायको पटकीत गेलेली, मूलबाळ नाही. त्याची सगळी श्रीमंती म्हणजे उजवा हात. त्या हातानं तो कुऱ्हाड धरत नसे, निखारा उचलत नसे, कुणाला मारत तर नसेच. भांडण झालंच तर डाव्या हातानं. रोज संध्याकाळी उजव्या पंजाला करंजाचं तेल चोळायचा. एकदा मी चिडवलं, "येसबा, नवरीच्या हाताला एवढं जपत नाहीत हो." तो म्हणाला, "बाई, डोळं वर असत्यात तवर ठीक. पान्याखाली ह्योच डोळा."

त्याच्याकडे जाळं होतं, गळ होते, निरगुडीच्या काड्यांची विणलेली लांबट पाटी होती. तिच्या तोंडाशी काड्या आत वळवलेल्या असत. मासा आत शिरे, बाहेर येऊ शकत नसे. पण ही सगळी हत्यारं त्याच्या लेखी पोटापुरती. खरी विद्या बिळात हात घालण्याची. "वांबीचं शेपूट गावलं म्हनून मूठ आवळायची न्हाई. काटं हातात घुसत्यात आन् ती जाती. बोटानं नुसतं चाचपायचं. मान कुटली आन् शेपूट कुटलं ते कळूस्तवर दाबायचं न्हाई." हे शास्त्र तो माणसांनाही लावी. नवा तलाठी कसा आहे विचारलं तर म्हणे, "मान गावली न्हाई आजून."

एका गोष्टीचा मात्र त्याला भयंकर राग. उन्हाळ्यात नदीची डबकी झाली की आसपासची माणसं शेराच्या झाडाचा चीक किंवा कुटलेली गेळफळं पाण्यात टाकत. घटकाभरात मासे झिंगून वर येत आणि पोरंसोरंही टोपल्या भरत. सरकारचा कायदा याच्या आड होता, पण कायदा तालुक्याला राहत असे. गावात फक्त एक रीत पाळली जाई. ज्यानं पाण्यात विष घातलं त्यानं काठावर निरगुडीची हिरवी डहाळी रोवायची. डहाळी दिसली की बायका घागर बुडवत नसत, गुराखी गुरं वळवत. डहाळी रोवणारा म्हणजे विष घालणारा, यात दुसरा अर्थच नव्हता.

मी आले त्याच वर्षी कुणीतरी वरच्या डबक्यात चीक ओतला आणि भिऊन डहाळी न रोवताच पळाला. झिंगलेले मासे येसबानं पाहिले. एकही मासा न उचलता तो दिवसभर उन्हात उभा राहून गुरं हाकलत होता आणि त्या न दिसणाऱ्या माणसाला अशा शिव्या घालत होता की मी दार लावून घेतलं. डहाळी रोव की मग, असं कुणीतरी म्हणालं, तर केवढ्यानं भडकला! "म्या रोवू? त्या भाड्याचं पाप माज्या नावावर?" आम्ही सगळ्यांनी हे ऐकलं होतं, म्हणून पुढची गोष्ट मला जास्त लागते.

बेचाळीस सालानंतरचा दुसरा उन्हाळा. भैरोबाची यात्रा तोंडावर आलेली. यात्रेला पालखी डोहात उतरवून देवाला आंघोळ घालत, आणि पालखीच्या पुढच्या दांड्याचा मान भोयांचा, म्हणजे येसबाचा. पिढ्यान्‌पिढ्यांचा. वर्षभर कमरेत वाकून चालणारा माणूस त्या दिवशी ताठ होई.

त्या यात्रेला त्याचा पुतण्या बाळकू रजेवर आला होता. बाप लहानपणीच वारलेला; येसबानंच त्याला वाढवला. पोरगा पलटणीत सफरमैनेत होता, सुरुंग पेरायचं काम शिकलेला. बूट घालून घाटावर यायचा आणि काकाची विद्या पाहून हसायचा. माझ्यासमोरच एकदा म्हणाला, "नाना, दिसभर बिळात हात घालून चार वांबी काढताय. एका बारात टोपलं भरतंय."

"आन् म्होरल्या साली काय भरशील? दगडं?" येसबा म्हणाला. "बार टाकनारा आंधळा असतोय रं. काय मारलं त्ये त्येलाच ठावं नसतं."

बाळकू हसला. मीही हसले, खोटं का सांगू?

यात्रा शुक्रवारची. मंगळवारी भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, मी ओट्यावर कुरडया वाळत घालत होते. एकदम जमिनीखालून कुणी लाथ मारावी तसा आवाज आला. फळीवरची पातेली वाजली. पुढच्या खोलीतून हे म्हणाले, "टेकडीच्या खाणीत सुरुंग उडवला वाटतं." मी डोहाकडे पाहिलं. मधलं पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं आणि पलीकडच्या काठानं बाळकू टोपली टाकून पळत होता.

थोड्या वेळानं येसबा दाराशी आला. राखेचं भांडं हातात नव्हतं.

"बाई, तुमी किती बार ऐकलं?"

"एकच."

"नीट आठवा."

"एकच हो. का?"

 "बाळकू म्हनतोय, दोन टाकल्यात त्येनं."

खाणीवरच्या कुणाकडून तरी बाळकूनं सुरुंगाचे दोन तोटे मिळवले होते. एक उडाला. दुसऱ्याची वात भिजली असावी, तो तसाच तळाशी गेला. तोट्याच्या टोकाला तांब्याची टोपी असते. तिच्यावर गुराचा पाय पडला, कुणी सूर मारला, धुण्याचा दगड गडगडला, तर काय होईल ते त्यानं सांगितलं नाही. शुक्रवारी तर अख्खं गाव त्या पाण्यात उतरणार होतं.

"पाटलाला सांगा," मी म्हटलं.

"सांगतो. मंग?"  मला उत्तर कळलं. त्या दिवसांत आमच्या भागात कुठे रूळ उखडले जात होते, कुठे तारा तुटत होत्या, पोलीस घराघरांत शिरत होते. पलटणीतल्या पोराकडे सुरुंगाचे तोटे सापडले आणि तो म्हणतो मासे मारायला आणले! "कोन ऐकंल?" येसबा म्हणाला. "फासावर द्येतील न्हाईतर काळ्या पान्यावर. मास्तरास्नी सांगू नगासा. सरकारी मानूस, त्यास्नी वर लिवावं लागंल."

मी मान हलवली. ह्यांच्यापासून लपवलेली ती माझ्या संसारातली पहिली गोष्ट. 

"पण लोकांना पाण्यापासून अडवणार कसं?"

 आमच्या परसाच्या कडेला निरगुडीचं झुडूप होतं, तिकडे तो पाहत होता. 

"येसबा, नाही हं. गाव तुम्हाला काय म्हणेल!"

"म्हनंल. पर पान्यात उतरनार न्हाई."

त्यानं डाव्या हातानं तीन डहाळ्या मोडल्या. एक घाटावर, एक गुरांच्या पाणवठ्यावर, एक पलीकडे रोवली. मग वर आलेले मेलेले मासे गोळा करून वाळूत पुरले. कुणी पोट चिरलं असतं तर आतल्या फुटलेल्या हवेच्या पिशव्या दिसल्या असत्या, आणि विषानं पिशवी फुटत नाही हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

तिसऱ्या प्रहरी बायका धुणी घेऊन आल्या आणि डहाळी पाहून जागीच थबकल्या. बातमी गावभर झाली. यात्रेच्या तोंडावर, देवाच्या डोहात विष! आणि घातलं कुणी, तर पालखीच्या मानकऱ्यानं! घाटावर ही गर्दी जमली. पोलीसपाटील काठी टेकत आले.

"येसबा, तू चीक टाकलास?"

"डहाळी म्या रोवलीया."

"आरं, इचारतोय काय, सांगतोयस काय! टाकलास का न्हाई?"

"डहाळी म्या रोवलीया, पाटील. परवापतुर पान्यात कुनी उतरू नगा."

खोटं असं त्यानं एक अक्षर उच्चारलं नाही. कुणीतरी ढेकूळ मारलं, ते त्याच्या पाठीवर फुटलं. बाळकू गर्दीच्या मागं उभा होता, राखेसारखं तोंड करून. पुढे यायला त्यानं पाय उचलला, तशी येसबानं नजरेनंच त्याला जागेवर बसवलं.

बुधवारी उजाडताच येसबा पाण्यात उतरला. लोकांना वाटलं, मेलेल्या वांबी काढतोय, लाज ती कशी नाही. मी मागच्या दारात तांदूळ निवडायला बसले. तेच तांदूळ दिवसभर निवडत होते. घाटापासून सुरुवात करून तो एकेक कपार, एकेक बीळ चाचपत पुढे सरके. बुडी मारायचा, मी श्वास धरायची. माझा सुटायचा, तो वर आलेला नसायचा. वर आला की तपासलेल्या जागेच्या सरळ रेषेत काठावर एक पांढरा दगड ठेवायचा. संध्याकाळपर्यंत अकरा दगड झाले आणि हाती काही नाही. त्याची बोटं पाण्यानं पांढरीफटक पडली होती. मी राख पुढे केली, तर म्हणाला, "आज राख नगं. आज उगड्या चामड्यानंच कळाय पायजे."

त्या दिवशी मी ह्यांच्या आमटीत मीठ दोनदा घातलं. हे म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?" तेव्हा सगळं अगदी ओठांवर आलं होतं. बोलले नाही.

गुरुवारी तो मला बजावून गेला, "म्या हात वर क्येला की दार लावून आत जावा. मास्तरास्नी बी म्होरल्या खोलीतच ठेवा." दुपार झाली. पाटलानं निरोप धाडला होता की संध्याकाळी गावकी बसणार, हजर राहा. सोळावा दगड ठेवून तो डोहाच्या मधल्या मोठ्या खडकापाशी बुडाला आणि वर आलाच नाही. मी मनात शंभर मोजले. मग पाण्यावर आधी डोकं आलं, मग डावा हात. डावा हात वर झाला.

मी दार लावलं नाही. 

तो गळाभर पाण्यातून पलीकडच्या काठाकडे चालू लागला. उजवा हात पुढे, पाण्याच्या वर, तळव्यावर काथ्यानं दगड बांधलेली वीतभर लांब वस्तू. ताटातलं निरांजन विझू नये म्हणून बाई जशी चालते तसा तो चालत होता. घसरड्या दगडावर एकदा त्याचा पाय सरकला. शरीर कललं, तो हात कलला नाही. मी भैरोबाला काय काय नवस बोलले ते आठवत नाही. त्यातले निम्मे राहिलेच फेडायचे.

पलीकडे बाळकू उभा होता. येसबानं ती वस्तू वाळूवर अलगद ठेवली आणि त्याला काहीतरी बोलला. टोपी कशी काढायची ते फक्त बाळकूला येत होतं. तो गुडघ्यांवर बसला. एवढ्या लांबून मला त्याचे हात दिसत नव्हते, पण पाठ थरथरताना दिसत होती. येसबा लांब गेला नाही. पोराच्या शेजारी उकिडवा बसला आणि आपला उजवा पंजा त्याच्या पाठीवर ठेवला. किती वेळ गेला, कोण जाणे. मग बाळकू उठला, दहा पावलं गेला आणि ओकला.

येसबा काय बोलला होता, ते त्यानं मला नंतर सांगितलं. "म्हनलं, मान कुटली, शेपूट कुटलं ते कळूस्तवर दाबू नगंस."

टोपी एकीकडे आणि तोटा दुसरीकडे माळावर खोल पुरून त्यानं तिन्ही डहाळ्या उपटल्या. संध्याकाळी गावकी बसली. ह्यांनी येऊन मला निकाल सांगितला. डोह बाटवल्याबद्दल येसबाचा पालखीचा मान काढला. मान भोयांचा, तो भोयांच्या घरातच राहील. पुढचा दांडा यंदापासून पुतण्या बाळकू धरील.

माझा तोल गेला. डोक्यावर पदर घेतला आणि तशीच त्याच्या खोपटाशी गेले. पोस्टमास्तरीण भोयाच्या दारात, लोक बघत होते. येसबा पंजाला तेल चोळत बसला होता. दोन दिवस कपारी चाचपून आज त्यातलं एक बोट वाकत नव्हतं.

"मी पाटलांना सांगते," मी म्हटलं. "तोटा गेला, पुरावा गेला. आता कशाला भ्यायचं?"

"बाई, पोराची रजा सोमवारी सपती. त्यो जाऊ द्या."

"आणि तुमचा मान? त्याच्या खांद्यावर? ज्यानं केलं त्याच्या?"

बोटं चोळता चोळताच तो म्हणाला, "त्यो नगं म्हनत हुता. पाया पडला. म्या म्हनलं, घ्यायचा. जड हाय त्यो दांडा. हुंदे खांद्याला ठावं."

मला रडू आलं, आणि रागही आला. त्याचा, बाळकूचा, गावाचा, सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. मी कुणालाच सांगितलं नाही. सोमवारनंतर सांगता आलं असतं, पण तोवर ह्यांच्या बदलीचा कागद आला आणि आम्ही सामान बांधायला लागलो. सांगायला एक दिवस पुरतो, आणि मला तो काढता आला नाही.

पण येसबाचं माझ्या डोळ्यांत राहिलेलं शेवटचं रूप बदलीच्या वेळचं नाही, त्या शुक्रवारचं आहे. ढोल वाजत होते, गुलालानं घाट लाल झाला होता. पालखी पाण्यात उतरली. पुढचा दांडा बाळकूच्या खांद्यावर, मागे गाव. येसबा खालच्या अंगाला, एकटा, गुडघाभर पाण्यात खडकाला टेकून उभा. अंगावर गुलालाचा कण नाही.

डोहाच्या मध्यावर, मोठ्या खडकापाशी, बाळकू थांबला. त्याचा पाय उचलेना. मागच्यांनी रेटलं, तरी तो खिळल्यासारखा. चेहऱ्यावरून घाम ओघळत होता. लोकांना वाटलं, देव अंगात आला. "भैरोबाच्या नावानं चांगभलं!" असा एकच गजर झाला. त्या गर्दीत तीनच माणसांना ठाऊक होतं की तो का थांबलाय.

तेवढ्यात खालच्या अंगानं, ढोलांच्या वर, येसबाचा आवाज आला.

"हितं काय न्हाई रं आता! म्या समदं चाचपलंय. टाक पाय!"

बाळकूनं डोळे मिटून पाय टाकला. पालखी पुढे सरकली.

"पाणी बाटवून वर वरडतोय! गप ऱ्हा की म्हाताऱ्या," घाटावरून कुणीतरी खेकसलं.

येसबा गप्प राहिला.